येऊरची लाली

फाल्गुनाच्या सुमारास ठाण्याच्या येऊर डोंगरावर वाळक्या करड्या रानात मधूनच लाल झुबके दिसू लागतात. दुरून ती फुले वाटतात. जवळ गेल्यावर कळते की ती कोवळी पाने आहेत. हा वृक्ष कोशिंब. काही भागांत त्यास कुसुंब म्हणतात.

डोंबिवली-कल्याणच्या अनेक घरांतील मुले आज अमेरिका-कॅनडात स्थायिक आहेत. ऑक्टोबरात त्यांच्याकडून लाल मेपलची छायाचित्रे येतात आणि असे झाड आपल्या आवारात का असू नये, असा प्रश्न येथे पडतो. लाल मेपल हा पूर्व उत्तर अमेरिकेचा रहिवासी. तेथे शरदात दिवस आखडतात, रात्री गारठतात, पानातील हिरवे द्रव्य विरते आणि लाली प्रकटते. पुढे झाड थंडीची दीर्घ विश्रांती घेते. खाडीकाठच्या दमट हवेत हे ऋतुचक्रच नाही.

मौज अशी की वनस्पतिशास्त्र आज मेपल व कोशिंब यांना एकाच कुळात मोजते. आपला रिठाही त्याच कुळातला. दोघांच्या पानांतील लाल रंगद्रव्यही एकाच जातीचे. भेद इतकाच की मेपल पानगळीपूर्वी लाल होतो, तर कोशिंब जन्मतः लाल असतो आणि मग हिरवा होत जातो. म्हणजे हवी असलेली लाली परदेशातून आणावयाची नाही. ती डोंगरावर उभीच आहे.

मात्र कोशिंब मोठा होणारा आणि सावकाश वाढणारा वृक्ष आहे. संस्थेच्या आवारात मोकळी, प्रशस्त जागा असेल तरच तो लावावा. देशी बदामाची पाने गळण्यापूर्वी लाल होतात, पण त्याचाही विस्तार मोठा. मध्यम जागेस महाराष्ट्राचे राज्यपुष्प असलेले ताम्हण योग्य. लहान अंगणास सीता अशोक शोभतो: तांबूस, लोंबती कोवळी पालवी आणि पुढे केशरी-लाल फुलांचे गुच्छ. रोपवाटिकेत नुसता ‘अशोक’ मागितल्यास बहुधा उंच सरळ वाढणारा खोटा अशोक हाती येतो. म्हणून पूर्ण नाव सांगावे.

खरा प्रश्न जातीपेक्षा मातीचा आहे. दोन्ही शहरांतील आवारे पेव्हर ब्लॉक व काँक्रीटने बुंध्यापर्यंत झाकली गेली आहेत. पाणी मुरत नाही, मुळे पसरत नाहीत, आणि वादळी पावसात झाड कोसळते. मादागास्करहून आलेला गुलमोहर, उथळ मुळांचा व ठिसूळ फांद्यांचा, यात आधी पडतो. एक झाड वाहनावर पडले की रहिवासी उरलेली सर्वच तोडण्याची मागणी करतात. १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार तोडीस परवानगी लागते खरी, पण गुदमरलेल्या मुळांना कायदा श्वास देत नाही.

म्हणून बुंध्याभोवती किमान तीन-चार फूट माती उघडी ठेवावी. दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा उन्हाळ्यातच खणून, शेणखत मिसळून, पहिला पाऊस स्थिरावल्यावर रोप लावावे. पुढील दोन-तीन उन्हाळे पाण्याची जबाबदारी कोणाची, हे संस्थेच्या सभेत आधीच ठरवावे. वृक्षारोपणाच्या छायाचित्रापेक्षा त्या ठरावावरच रोपाचे आयुष्य अवलंबून असते.