एक यंत्र आले, एक गेले

सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आणि घरातील एक जुनी प्रथा थांबण्याची वेळ आली. दरवर्षी दशलक्षण पर्वापूर्वी त्या शास्त्रांसाठी नवी वेष्टने शिवत. पिवळ्या सुती कापडाच्या कोपऱ्यात स्वस्तिक, त्यावर तीन ठिपके आणि सिद्धशिलेची चंद्रकोर, हे सारे हाताने भरत. ती वेष्टने चंद्रपूरला माझ्या माहेरच्या मंदिरात जात. त्या वर्षी सुईत दोरा ओवता ओवता त्या थबकल्या आणि सुई माझ्या हाती देत म्हणाल्या, "आता हे तुझं." मला तर साखळीटाकाही धड येत नसे.

शिवण आणि भरतकाम दोन्ही करणारे यंत्र घ्यावे, हा विचार तेथून सुरू झाला. घरात पायाने चालवायचे जुने शिलाई मशीन होतेच. मी विषय काढताच सासूबाईंनी आपल्या परिग्रहपरिमाण व्रताची आठवण दिली. "घरात शिलाई मशीन एकच, हे माझं परिमाण. नवं आण, पण मग जुनं ठेवता येणार नाही." माझ्यापुढे आता दोन प्रश्न होते. घ्यायचे काय हा सोपा, सोडायचे काय हा अवघड.

चंद्रपूरला गेले, तेव्हा आमचे पिवळे कापड पिशवीत घेऊनच दुकानाची पायरी चढले. दोन्ही कामे करणाऱ्या यंत्रात शिवणाचा भाग नेहमीसारखाच असतो. भरतकाम करताना बाजूला एक वेगळा भाग जोडावा लागतो. तो कापड ताणून धरलेली चौकट पुढेमागे सरकवतो आणि सुई जागच्या जागी टाके घालते. एक काम चालू असताना दुसरे करता येत नाही. घरगुती लहान यंत्राची चौकट साधारण 10 × 10 सेंटिमीटरची. साडीचा पदर भरायचा तर कापड पुनःपुन्हा ताणून बसवावे लागेल. आमच्या स्वस्तिकाला मात्र तेवढी जागा पुरेशी होती. रंग बदलला की यंत्र थांबते आणि दोरा आपल्यालाच ओवावा लागतो.

दुकानदार म्हणाले, "स्टॅबिलायझर घ्यावाच लागेल." मी म्हटले, "तो हवाच, आमच्याकडे विजेचा दाब कधी स्थिर नसतो." ते हसले. त्यांना अभिप्रेत होता तो भरतकामात कापडाखाली लावायचा पातळ कागद. त्यावाचून टाके कापड गोळा करतात. अखेर दोन्ही स्टॅबिलायझर घेतले. दोऱ्याची रिळे पाहून मी विचारले, "हे रेशीम तर नाही?" कोश उकळून काढलेला धागा आमच्या घरात येत नाही. ते रेयॉन निघाले, लाकडाच्या लगद्यापासून केलेले. चकाकी रेशमाची, हिंसा नाही.

एवढे समजले तरी मन घुटमळत होते. भामरागड म्हणजे इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम. पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की गाव तुटते, पाठोपाठ वीज जाते. नव्या यंत्राला वीज हवी, बिघडल्यास दुरुस्ती चंद्रपूरलाच. जुन्याला दोन पाय आणि दोन थेंब तेल पुरे. शहाणपण जुने ठेवण्यात होते. पण मग वेष्टनांवरील ते स्वस्तिक संपले असते. मी नवे घेतले.

जुने कोणाला द्यायचे, हे सासूबाईंनीच ठरवले. आठवडी बाजारात एक माडिया तरुणी हातानेच कपडे दुरुस्त करून देत बसे. तिच्या घरी मशीन पोहोचले, त्या दिवशी सासूबाईंनी त्याला शेवटचे तेल घातले.

त्या भाद्रपदात पहिली दोन वेष्टने बिघडली. कागद नीट न लावल्याने कापड सुरकुतले. पुढची उत्तम उतरली. सासूबाई बोटांनी टाके चाचपून म्हणाल्या, "माझ्यापेक्षा सरळ आहेत गं." त्या आवाजात कौतुक होते आणि थोडी खंतही. ती खंत कोणत्याही यंत्राने भरून येणारी नव्हती.

कडा दुमडून शिवायच्या तेवढ्या राहिल्या आणि पूर आला. चार दिवस वीज नाही. नवे यंत्र झाकून ठेवलेले, वेष्टने अर्धवट. अखेर ती गुंडाळून मी आणि सासूबाई त्या तरुणीकडे गेलो. उत्तम आकिंचन्याचा दिवस होता. तिने उंबऱ्याजवळच्या उजेडात मशीन ओढले आणि तासाभरात साऱ्या कडा शिवून दिल्या. पैसे देऊ लागले, तर ती म्हणाली, "मशीन तुमचंच तर आहे."

सासूबाईंनी मान हलवली. "नाही बाळ. ते आता तुझं आहे. शिलाई घे."

तिने पैसे घेतले. आजवर मी परिमाणाकडे वस्तूंची मोजदाद म्हणूनच पाहत होते. घरात दोन्ही मशीन असती, तर त्या उंबऱ्यावर आम्ही कधी गेलोच नसतो, हे परतताना जाणवले. जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हा तत्त्वार्थसूत्रातील विचार मी पाठशाळेत पाठ केला होता. समजला तो त्या चिखलाच्या वाटेवर.

पाणी ओसरले, वाट मोकळी झाली. वेष्टने क्षमावाणीच्या दिवशी मंदिरात पोहोचली.