नॅरागान्सेटचा उपसागर

अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर ऱ्होड आयलंड नांवाचें चिमुकलें संस्थान आहे. त्याच्या पोटांत दक्षिणेकडून शिरलेला नॅरागान्सेटचा उपसागर आम्हीं फेब्रुवारीच्या कडाक्यांत पाहिला. शिरोभागीं १६३६ सालीं वसलेलें प्रॉव्हिडन्स, मुखाशीं न्यूपोर्ट बंदर आणि उथळ खाड्यांच्या कडेस बर्फाचा पापुद्रा. पाहणारास सर्व सृष्टि निद्रिस्त वाटावी. परंतु याच सुमारास पाण्याच्या तळाशीं एका मत्स्यकुलाचा प्रसवकाल चालू असतो.

हा मासा म्हणजे हिवाळी फ्लाउंडर. मासा आमच्या ताटांतला नव्हे. तथापि त्याचें चरित्र ऐकण्याजोगें आहे. कोंकणांतील लेपासारखा हा चपटा. जन्मतः इतर माशांप्रमाणें उभा पोहतो. पुढें डावा डोळा सरकून उजव्या अंगास येतो आणि हा कायमचा आडवा होऊन वाळूंत दडतो. उन्हाळ्यांत तो खोल, थंड पाण्यांत जातो व हिवाळ्याच्या अखेरीस खाडींत अंडीं घालतो. बहुतेक सागरी माशांचीं अंडीं तरंगतात. याचीं जड व चिकट असल्यामुळें तळाशींच राहतात.

कोळ्यांस हें परतणें फार सोयीचें. मासा आपण होऊन दाराशीं येई. परंतु प्रसवकालीं मासा धरणें म्हणजे बियाणेंच विकून खाणें. १९८० च्या दशकांत मासेमारी अनावर झाली आणि मासा रोडावला. मग बंधनें आलीं. २००९ ते २०१३ पर्यंत दक्षिण न्यू इंग्लंडच्या केंद्रशासित समुद्रांत तो बाळगण्यासच मनाई होती. तरीहि पूर्वीचे दिवस परतले नाहींत.

ऱ्होड आयलंड विद्यापीठ १९५९ पासून दर आठवड्यास ठराविक ठिकाणीं जाळें ओढून मासे मोजीत आहे. थंड पाण्याचे मासे घटले व उष्ण पाण्याचे वाढले, असें त्यांत दिसतें. साठ वर्षांत उपसागराचें पाणी सुमारें दीड अंश सेंटिग्रेडनें तापलें. कडक थंडींत सुस्त पडून राहणारी वाळूंतली कोळंबी ऊबदार हिवाळ्यांत लवकर हालूं लागते व नवजात पिलें फस्त करते. थंडी हेंच त्या अर्भकांचें कवच होतें.

शतपथ ब्राह्मणांत मनूच्या हातीं आलेला इवला मासा हेंच सांगतो: मोठे मासे लहानांस गिळतात, मी वाढेपर्यंत मला सांभाळ. मनूनें त्यास प्रथम कुंभांत ठेविलें. आपल्याकडे जून-जुलैंत यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते व नारळी पौर्णिमेस कोळी समुद्राची पूजा करितात, ही रीत उत्तमच होय. परंतु नॅरागान्सेट पाहिल्यावर वाटतें कीं, कुंभ देऊन भागत नाहीं. त्यांतलें पाणीहि थंड राहिलें पाहिजे.