खिशातला हात

ईदच्या नमाजनंतर गळाभेटी सुरू झाल्या की माझा हात आपोआप खिशात जायचा. तळहातावर जाड, पांढुरके पापुद्रे आणि मधोमध भेगा. मुसाफा करताना समोरच्याचा हात क्षणभर अडखळायचा. त्यापेक्षा खिसा बरा.

सुरुवातीला सगळे म्हणाले, नायटा आहे. औषधाच्या दुकानातून ट्यूब आणली. आठवड्यात हात साफ! ट्यूब बंद केली की दुप्पट जोराने परत. त्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड होतं, हे दोन वर्षांनी कळलं. त्वचारोगतज्ज्ञांनी पापुद्रा खरवडून तपासला. बुरशी नव्हती, सोरायसिस होता. "मुळासकट जाणार नाही, पण ताब्यात राहील," ते म्हणाले.

शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच त्वचेवर उलटते. साधारण महिनाभरात बदलणारी त्वचा ३-४ दिवसांतच वर येते आणि थर साचतात. हा जंतूंचा संसर्ग नाही, म्हणून लागणही नाही.

आता दिनक्रम ठरलाय. वुजू कोमट पाण्याने, मग हात-पाय टिपून लगेच व्हॅसलीन. भेगा चिघळल्या आणि डॉक्टरांनी पाणी टाळायला सांगितलं, तर तयम्मुमची सवलत आहेच. रात्री थर मऊ करणारं सॅलिसिलिक ॲसिडचं मलम, पायांत सुती मोजे. पापुद्रे ओढायचे नाहीत. मेथोट्रेक्झेटची गोळी आठवड्यातून एकदाच, रविवारी. कॅलेंडरवर खूण करतो, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. रक्ताची आणि यकृताची तपासणीही ठरल्या वेळी.

एकदा हात स्वच्छ दिसले म्हणून मी मनानेच गोळ्या सोडल्या. त्या हिवाळ्यात तळपाय इतके फाटले की महिनाभर खुर्चीत बसून शिकवलं.

त्याच महिन्यात सातवीतल्या एका मुलीने वही घेताना विचारलं, "सर, हे लागतं का?" वर्ग चिडीचूप. आजवर कुणा मोठ्या माणसाने मला हे तोंडावर विचारलं नव्हतं. त्या दिवशी उर्दूचा तास बाजूला ठेवून मी हात पुढे केला आणि सगळं सांगितलं. मुलांनी जवळ येऊन पाहिलं, दोघा-तिघांनी बोट लावूनही पाहिलं.

पुढच्या ईदला मीच आधी हात पुढे केला. बहुतेकांनी दोन्ही हातांत घेतला. एकाने लांबूनच सलाम केला.

हात मात्र मी परत खिशात घातला नाही.