चाळिशीतील तपासणी

"फादर, माझा भाऊ चाळिशीला आला. या वयात स्वमग्नतेची तपासणी होते का?" दौंडच्या एका भगिनीने आम्हांस विचारले. होते. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे वर्णन केले, तेव्हापासून हा बालकांचा विषय अशी समजूत रूढ झाली. परंतु बालके मोठी होतातच की!

येथे रक्त तपासत नाहीत, मेंदूचे छायाचित्रही निदान करीत नाही. मनोविकारतज्ज्ञ वा मानसशास्त्रज्ञ निवांत बोलतात: मैत्री, नोकरी, गोंगाटाचा त्रास, ठरलेला क्रम मोडल्यावर होणारी तगमग. चिंता वा नैराश्य आहे काय, हेही पाहतात. मग प्रश्न बालपणाकडे वळतात. तो बोलू केव्हा लागला? इतर मुलांत खेळे काय? याची उत्तरे आईपाशीच, आणि आई आता थकली आहे. म्हणून शिरूर-दौंडहून पुण्यास जाताना तिला सोबत न्यावे, जुनी प्रगतिपुस्तके घ्यावीत. (दौंडकरांना आगगाडी तरी आहे, शिरूरकरांना एस.टी.च.)

२००९ सालच्या भारतीय मापनश्रेणीत चाळीस मुद्दे असून प्रत्येकास एक ते पाच गुण देतात. आयुष्यभर स्वतःस सावरून घेणाऱ्याचे गुण कमी पडू शकतात, असे आम्हांस वाटते; तेव्हा केवळ बेरजेवर विसंबू नये. २०१६ च्या कायद्याने स्वमग्नता दिव्यांगत्वात गणली आहे. बहुतेक सवलतींस किमान चाळीस टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते.

मात्र भावाला "चल, पुण्याला काम आहे" म्हणून फसवून नेऊ नये. तो प्रौढ आहे. आधी त्यालाच विचारावे, असे आम्ही त्या भगिनीस सांगितले.