खिशातली परमिशन

सोमवारी ऑफिसात कुणी 'वीकेंड कसा गेला?' विचारलं, की मी सरळ सांगतो, 'चिखलात!' टीममधले बाकीचे लंडनला शॉपिंग करून आलेले असतात. मी मात्र इंग्लंडमधल्या सफोक परगण्यात, एका शेतात, कानाला हेडफोन आणि हातात मेटल डिटेक्टर घेऊन चार तास फिरलेला असतो. कमाई? ट्रॅक्टरचे नट, बिअरच्या कॅनचे तुकडे आणि नशीब जोरावर असेल तर एखादं जुनं नाणं.

पुण्याहून इप्सविचला आलो तो दोन वर्षांच्या प्रोजेक्टसाठी. आता पाचवं वर्ष चालू आहे. चार वाजता अंधार पडणाऱ्या हिवाळ्यात माणूस कशाचाही नाद धरतो. माझ्याकडे शाळेपासून शिवराई नाण्यांचा छोटासा संग्रह होता, जुन्या बाजारातून जमवलेला. त्यामुळे सेकंडहँड डिटेक्टर घेताना फार विचार करावा लागला नाही.

मशीन घेणं सोपं असतं. खरी परीक्षा त्यानंतर. इथे न विचारता कुणाच्या शेतात शिरलात तर ती घुसखोरी, आणि सापडलेलं खिशात घातलंत तर चोरी. रात्री गुपचूप असं करणाऱ्यांना 'नाईटहॉक' म्हणतात आणि खरे शौकीन त्यांना जवळही उभं करत नाहीत. उलट ज्या शेतात फिरायची मुभा मिळाली, त्या शेतालाच हे लोक 'परमिशन' म्हणतात. 'मला नवी परमिशन मिळाली' हे वाक्य आपल्याकडे 'फ्लॅटचा ताबा मिळाला' म्हणतात त्याच थाटात बोललं जातं.

मी सात दारं वाजवली. सहा ठिकाणी गोड शब्दांत नकार. सातव्या दारात सत्तरीचे आजोबा, मागे भुंकणारा कुत्रा. त्यांनी विचारलं, 'सोनं सापडलं तर?' म्हटलं, 'अर्धं तुमचं.' 'आणि खिळे सापडले तर?' 'तेही अर्धे तुमचे.' आजोबा हसले. एका कागदावर चार ओळी लिहून आम्ही दोघांनी सह्या केल्या. अटी तीन: खड्डा बुजवायचा, फाटक लावायचं आणि पेरलेल्या रानात पाय ठेवायचा नाही. त्यामुळे माझा सीझन म्हणजे कापणी झाल्यावर धसकटं उभी असतात तेवढे दिवस.

कायदाही समजून घ्यावा लागला. १९९६च्या 'ट्रेझर अ‍ॅक्ट'नुसार ३०० वर्षांपेक्षा जुनी सोन्याची किंवा चांदीची दोन नाणी एकत्र सापडली, तरी १४ दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावं लागतं. एकटंदुकटं नाणं सहसा त्यात येत नाही, पण तेही नोंदवणं हा चांगला रिवाज. ब्रिटिश म्युझियमच्या योजनेत अशा १५ लाखांहून जास्त वस्तूंची नोंद झाली आहे. त्यातली एक माझी! चांदीच्या पेनीचा कापलेला अर्धा तुकडा, साधारण पावणेआठशे वर्षांपूर्वीचा. तेव्हा सुटे पैसे हवे असले, की नाण्यावरच्या क्रॉसच्या रेषेवर अख्खी पेनी कापायचे. चौथा भाग तो 'फार्दिंग'. आपली पावली, दुसरं काय!

सफोकमध्ये हा छंद करणाऱ्याला हॉक्सनची गोष्ट ऐकावीच लागते. १९९२ मध्ये एरिक लॉज तिथल्या शेतकरी मित्राचा हरवलेला हातोडा शोधायला डिटेक्टर घेऊन गेले आणि रोमन काळातला खजिना लागला. जवळपास १५,००० नाणी! त्यांनी सगळं उपसलं नाही, खोदणं थांबवून कळवलं. त्यामुळे पुरातत्त्ववाल्यांना उरलेलं जागच्या जागी पाहता आलं. साडेसतरा लाख पौंडांचं बक्षीस त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतलं. हातोडाही सापडला. तोही आता ब्रिटिश म्युझियमकडे आहे.

माझ्या नशिबात खजिना नव्हता, पण एक दुपार होती. मी गुडघे टेकून खणत होतो आणि बांधापाशी एक गाडी थांबली. काच खाली झाली. 'तुझं इथे काय काम आहे?' आवाज चढा होता. मी कागद दाखवला. त्या गृहस्थांनी तो दोनदा वाचला, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा कागदाकडे. या देशात राहायला एक परवानगी, या शेतात चालायला दुसरी. दोन्ही असूनही त्या क्षणी आपण उपरे आहोत, हे चांगलंच टोचलं. त्यांनी आजोबांना फोन लावला. स्पीकरवर उत्तर आलं, 'तो? तो माझा माणूस आहे.' गाडी निघून गेली. मी बराच वेळ मशीन बंद ठेवून तसाच बसलो.

त्याच महिन्यात पाचव्या जॉर्जची ब्राँझची पेनी मिळाली, १९१९ची. किंमत म्हणाल तर चहाही येणार नाही. आजोबांनी भिंग आणलं. कडेला 'आयएनडी आयएमपी' अशी अक्षरं होती. म्हणजे लॅटिनमध्ये 'हिंदुस्थानचा सम्राट'. ही अक्षरं इथल्या नाण्यांवर थेट १९४८पर्यंत होती.

'म्हणजे हा तुमचाही राजा,' आजोबा म्हणाले.

'होता. आम्ही नोटीस पीरियड न देताच सोडलं,' मी म्हटलं.

ते खो खो हसले आणि पेनी माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले, 'ही अर्धी नको करू. अख्खी तुझी.'

गावाकडे ही गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न येतो, 'आपल्याकडे करता येईल का?' मार्च २०२५ मध्ये 'छावा' पाहून बऱ्हाणपूरजवळ असीरगडाच्या पायथ्याशी लोक रात्री टॉर्च आणि डिटेक्टर घेऊन दुसऱ्यांची शेतं खणत होते. तसं तर मुळीच नाही! १८७८च्या कायद्याप्रमाणे आपल्याकडे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं, तरी कलेक्टरला कळवावं लागतं. संरक्षित गडकोटांवर तर कुदळ न्यायचीच नाही.

पण तुम्ही कधी इकडे आलात आणि हा किडा चावलाच, तर मशीन कुठलं घ्यायचं हे मला नंतर विचारा. आधी अनोळखी दार वाजवायची आणि सहा नकार हसून ऐकायची सवय करा. नाणी काय, मिळाली तर मिळाली. आपल्याला 'माझा माणूस' म्हणणारं कुणी परक्या मुलखात मिळणं, हे मात्र कुठल्याच मशीनवर वाजत नाही.