घाबरल्यासारखं होतंय

परिचर्येच्या पाठ्यपुस्तकांत 'संवाद' या प्रकरणाच्या आरंभी बहुधा एक आकृती असते. डावीकडे प्रेषक, उजवीकडे ग्राहक, मध्ये संदेश वाहून नेणारे माध्यम आणि त्यात शिरणारा गोंगाट. तिचे मूळ क्लॉड शॅनन यांच्या १९४८ सालच्या निबंधात आहे. शॅनन बेल टेलिफोनच्या प्रयोगशाळेत काम करीत होते. एका टोकाचा संदेश दुसऱ्या टोकाला बिनचूक कसा उमटेल, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. संदेशाच्या अर्थाशी या अभियांत्रिकी प्रश्नाला कर्तव्य नाही, हे त्यांनी सुरुवातीलाच सांगून टाकले आहे. पाठ्यपुस्तकांपर्यंत येता येता ते वाक्य गळाले आणि आकृती तेवढी रुग्णाच्या खाटेपाशी येऊन पोहोचली.

मराठीच्या अध्यापिकेचा या विषयाशी काय संबंध, असे कोणी विचारील. आमच्या शहरातल्या एका नर्सिंग कॉलेजने 'संवादकौशल्ये' या विषयावर चार तास घेण्यासाठी मला बोलावले होते. भाषेची बाई म्हणजे मुलींना गोड बोलायला शिकवील, अशी निमंत्रण देणाऱ्यांची समजूत असावी.

गोड बोलण्याचा तर या क्षेत्राच्या आद्य लेखिकेला तिटकाराच होता. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या 'नोट्स ऑन नर्सिंग' (१८५९) या पुस्तकात रुग्णाला पोकळ धीर देत बसणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. आजाऱ्याच्या खोलीत कुजबुजणे ही त्यांच्या लेखी क्रूरता. बोलणाऱ्याने रुग्णाच्या नजरेसमोर बसावे, त्याला मान वळवावी लागू नये, इतक्या बारकाव्यापर्यंत त्या जातात. आणि प्रश्न कसा विचारावा? रात्र चांगली गेली का, असे मुळीच विचारू नये. किती तास झोप लागली आणि रात्रीच्या कोणत्या प्रहरी, हे विचारावे. (साहित्याच्या वर्गात 'कविता कळली ना?' असे विचारून पंचेचाळीस माना हलल्या की पुढच्या कवितेकडे वळण्याची जी रीत आहे, तिच्याविषयी बाईंनी काय लिहिले असते, याची कल्पना करवत नाही.)

हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ च्या आपल्या ग्रंथात परिचारिकेच्या ज्या भूमिका सांगितल्या, त्यांतली पहिली अनोळखी व्यक्तीची आहे. दोन परकी माणसे भेटतात, तिथून सारे सुरू होते. आपल्याकडे हे परकेपण वॉर्डात पाऊल टाकताक्षणी नात्यांच्या हाकांखाली झाकले जाते. सिस्टर, मावशी, मामा, आजी. त्या हाका मला प्रिय आहेत. पण नाते जुळले म्हणजे म्हणणे समजलेच, असा एक भ्रम त्यांच्यासोबत येतो.

२०१७ च्या पावसाळ्यात रक्तातली साखर वाढली म्हणून माझ्या आईला एका खाजगी रुग्णालयात ठेवले होते. सोबतीला वहिनी होती. रात्री एकच्या सुमारास आई म्हणाली, "मला घाबरल्यासारखं होतंय." ड्यूटीवरची मुलगी तत्परतेने आली. तिने खांद्यावर हात ठेवला, म्हणाली, "घाबरू नका आजी, मी आहे ना." कुठे दुखते का, हेही तिने विचारले. आईने नाही म्हणून सांगितले, आणि ते खरेच होते. 'पेशंट अँग्झियस' अशी नोंद झाली. संवादकौशल्याच्या कोणत्याही परीक्षेत त्या मुलीला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते.

अर्ध्या तासाने रात्रीच्या मुख्य सिस्टर फेरीवर आल्या. त्या केरळच्या. मराठी मोडकी, लिंगविवेक तर जवळपास नाहीच. आईने तेच वाक्य पुन्हा म्हटले. त्यांनी विचारले, "घाबरते म्हणजे काय होते, आजी? कुठे होते? हात लावून दाखवा." आईने हात गळ्याखाली ठेवला, मग जबड्याकडे नेला. "इथं दाटून आलंय. दाढा आवळल्यासारख्या झाल्यात." तत्काळ ईसीजी काढला गेला. हृदयविकाराचा झटका होता. मधुमेह्यांत तो छातीत न दुखताही येतो, हे मला नंतर समजले. वेळीच उपचार झाले आणि आई पुढे चार वर्षे जगली.

त्या तरुण मुलीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. 'घाबरणे' हा शब्द तिला ठाऊक होता, म्हणून विचारावेसे वाटले नाही. केरळच्या सिस्टरांना त्याची खात्री नव्हती, म्हणून त्यांनी विचारले. मराठीत 'घाबरणे' मनाचे असते तसे 'जीव घाबरा होणे' शरीराचेही असते. धाप, धडधड, गुदमर, अस्वस्थता यांतले काहीही त्यात सामावते. इंग्रजी नोंदीत त्यातला एकच अर्थ उतरला. शॅननच्या आकृतीत हा बिघाड दाखवायला जागा नाही, कारण गोंगाट कुठेच नव्हता. शब्द अगदी स्वच्छ ऐकू आला होता.

रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल प्रश्नावली प्रसिद्ध केली, तिच्यात वेदनेचे ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. दुखणे शून्य ते दहा यांत किती, या प्रश्नाहून हा मार्ग मला अधिक भाषेचा वाटतो. पण त्या शब्दांचे नुसते भाषांतर करून मराठीत भागणार नाही. म्हणून मी मुलींना वॉर्डात ऐकलेले शब्द आणायला सांगितले. कळ, चमक, सणक, ठणका, शूळ, रग, तिडीक, शिणक, मुरडा, पेटका, गोळा, वांब, ठसठस, चुरचुर, जळजळ, कणकण, कसकस, घेरी, भोवळ, घालमेल. फळा भरला. 'चमक' आणि 'उसण' एकच की वेगळे, यावरून रत्नागिरीची आणि नागपूरची अशा दोघींत चांगलीच जुंपली. अर्थविचाराचा एवढा जिवंत तास मराठीच्या एम.ए.च्या वर्गात मी क्वचितच पाहिला आहे.

मागच्या बाकावरची एक मुलगी मात्र शांत होती. ती म्हणाली, "मॅडम, रात्री पन्नास खाटांना आम्ही दोघी असतो. प्रत्येकाला 'म्हणजे काय' विचारत बसलो तर इंजेक्शनं कोण देणार?"

त्या सिस्टरांच्या प्रश्नाला अर्धा मिनिटही लागले नव्हते, असे मी सांगून पाहिले.

"त्या इन्चार्ज होत्या, मॅडम," ती म्हणाली.

यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, आणि ते केवळ भाषेच्या माणसांकडून येणारही नाही. शेवटच्या तासाला तिने आपली यादी दिली. सतरा शब्द होते, नेटक्या अक्षरात, प्रत्येकापुढे खाट क्रमांक. 'जीव वरखाली होतो' याच्यापुढे क्रमांक आणि मग कंसात लिहिले होते: विचारायचे राहिले.