ढेकूण नेमके कुणाचे?

झुरळांबद्दल आपण बिनधास्त बोलतो. अगदी लंच टाइमला, डबा उघडता उघडता. डासांबद्दल तर अभिमानानेच, 'आमच्या मुलुंडला काय डास आहेत म्हणून सांगू!' पण 'माझ्या घरात ढेकूण झालेत' असं म्हणणारं कुणी भेटलंय तुम्हाला? मीही कधी म्हणाले नाही. आणि त्यापायी एक चांगली रूममेट घालवून बसले.

अंधेरी ईस्टचा वन बीएचके, ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, भाडं निम्मं-निम्मं. ती नागपूरची. जूनमध्ये दोन भल्यामोठ्या बॅगा घेऊन आली. तीन आठवड्यांत तिच्या हातावर लाल गांधी उठायला लागल्या, एका रांगेत तीन-चार. मला मात्र काहीच नाही. मग एका रात्री तिच्या उशीवर तो दिसला. चपटा, तपकिरी, मसुराच्या दाण्याएवढा.

"तुझ्या बॅगेतून आले असणार. माझ्याकडे कधीच नव्हते," मी म्हणाले. माझं लॉजिक पक्कं होतं. चावतात तिला, म्हणजे ढेकूण तिच्याच गादीत! ती काही बोलली नाही. महिनाअखेरीला घाटकोपरला मावशीकडे शिफ्ट झाली. तिची गादी मी रात्री साडेअकराला गुपचूप खाली टाकून आले. सोसायटीत कळलं तर?

पंधरा दिवसांनी माझ्याच मानेवर गांधी उठल्या.

पेस्ट कंट्रोलवाल्या काकांनी तिच्या कोपऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. सरळ माझ्या पलंगाची डोक्याकडची फळी उघडली. हा पलंग मी दीड वर्षापूर्वी सेकंडहँड घेतला होता. स्क्रूच्या भोकांत काळे ठिपके, वाळलेली सालं, साखरेच्या कणांसारखी अंडी.

"मॅडम, हे जुनं बिऱ्हाड आहे. एका महिन्याचं काम नाय."

"पण मला चावत नव्हते!"

"चावत होते. काही लोकांच्या अंगावर उठतच नाय."

नंतर वाचलं, तर ते शंभर टक्के खरं निघालं. ढेकूण पाच-दहा मिनिटं रक्त पितो आणि पसार होतो. कुणाच्या अंगावर लगेच उठतं, कुणाच्या कित्येक दिवसांनी, कुणाच्या कधीच नाही. त्याला खरकटं नको असतं, फक्त माणूस हवा असतो, त्यामुळे घर चकचकीत असलं तरी त्याला फरक पडत नाही. उपाशीपोटी तो महिनोन्महिने काढतो. औषधांना तर जुमानतच नाही. डीडीटीला दाद न देणारे ढेकूण हवाईत १९४७ मध्येच सापडले होते. तो रोग पसरवतो असं आजवर सिद्ध झालेलं नाही, पण झोप मात्र नक्की पळवतो.

साताऱ्याला आमची आजी लोखंडी खाट अंगणात काढायची आणि सांध्यांत उकळतं पाणी ओतायची. शास्त्र तिच्याच बाजूने आहे, कारण ५० अंशांच्या वर ढेकूण आणि अंडी दोन्ही मरतात. पण मला आता आठवतं ते वेगळंच. हे सगळं चालायचं अख्ख्या आळीसमोर. लाज कुणालाच नव्हती. संस्कृतात तर एक सुभाषितच आहे, की शंकर हिमालयात आणि विष्णू समुद्रात झोपतो तो ढेकणांना घाबरून! मग आपल्याच फ्लॅट संस्कृतीत ही एवढी चोरी कशाला?

"अंडी औषधाने मरत नाहीत, पंधरा दिवसांनी परत येतो," काका म्हणाले. "आणि बाजूवाल्यांना सांगा. भिंतीच्या फटीतून, वायरिंगच्या पाइपातून फिरतात ते. ती गादी कुठे टाकली? कुणी उचलली असेल, तर आता त्याच्या घरी."

मी गप्प.

शेजारच्या काकूंची बेल वाजवताना पोटात गोळा आला होता. कसंबसं सांगितलं. त्यांनी आधी जिन्यात डोकावून बघितलं, मग म्हणाल्या, "हळू बोल गं! आमच्याकडे होळीपासून आहेत."

दोन्ही फ्लॅटमध्ये एकाच दिवशी फवारणी झाली. चादरी कडक गरम पाण्यात गेल्या. दुसऱ्या फवारणीनंतर ढेकूण दिसले नाहीत.

त्या रात्री नागपूरवालीला मेसेज टाकला, 'तुझ्या बॅगेतून नव्हते आले. माझ्याच पलंगात होते. सॉरी.'

दहा मिनिटांनी रिप्लाय आला.

'माहितेय. तुझ्या पलंगावर बसून टीव्ही बघताना चावायचे. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही.'